आधी तो शब्द खोडा

आज सकाळी सुरगाण्याहून एसटीने माझी धाकटी बहीण आली. सीबीएस बसस्थानकावर उतरून रिक्षाने थेट माझ्या घरी पोहोचली आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तिने विचारले, "ताई, आपल्या पोरानं चोरी केली का गं?"

भाचा इथल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहतो. वायफायवर टॉरेंट, म्हणजे मोठ्या फाइली अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवण्याचे साधन, चालवताना तो सापडला, म्हणून त्याचे नेट महिनाभर बंद करण्यात आले आणि पालकांच्या सहीसाठी माफीनामा देण्यात आला. मजकूर छापील आहे, फक्त कारणाच्या रिकाम्या जागी निळ्या पेनाने 'टॉरेंटद्वारे चोरी' असे लिहिले आहे. बहिणीने तो कागद चार घड्या घालून, भाकरीच्या फडक्याशेजारी पिशवीत ठेवून आणला होता.

त्याने काय उतरवले, हे कोणी विचारलेच नाही. तो उबुंटू उतरवत होता. संगणक चालवणारी ही लिनक्स प्रणाली फुकट आहे, ती इतरांना देण्याची मुभा आहे आणि तिची टॉरेंट फाइल खुद्द उबुंटूच्याच संकेतस्थळावर ठेवलेली असते. सुमारे सहा जीबींची फाइल आणि वसतिगृहाचे दर अर्ध्या तासाने तुटणारे नेट! टॉरेंटची ही पद्धत, बिटटॉरेंट, ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणली, त्यात फाइलचे लहान तुकडे होतात, ते अनेकांकडून येतात आणि प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो, त्यामुळे जोडणी तुटली तरी आलेले वाया जात नाही. कमकुवत नेटवर शिकणाऱ्या मुलाने याहून योग्य साधन कोणते निवडायला हवे होते, हे त्या कार्यालयाने मला सांगावे.

नियम होता आणि तो मोडला, हे मला मान्य आहे. टॉरेंट एकाच वेळी कितीतरी जोडण्या उघडते, घेता घेता इतरांना पाठवतही राहते, आणि एकच लाइन वाटून घेणाऱ्या मुलांचे परीक्षेचे अर्ज त्यामुळे अडकू शकतात. त्याने आधी विचारायला हवे होते, हेही मी त्याला फोनवर सुनावले. बहुतेक मुले याच मार्गाने सिनेमे उतरवतात, तेही मला ठाऊक आहे.

पण म्हणून साधनालाच चोर ठरवायचे? मी वीस वर्षे मुलांना संगणक शिकवते आहे. वेगाला मर्यादा घालता येते, रात्रीची वेळ ठरवून देता येते, उबुंटूची एक प्रत महाविद्यालयाच्याच सर्व्हरवर ठेवली तर मुलांना ती बाहेरच्या नेटवरून उतरवावीच लागणार नाही. इंटरनेट अर्काइव्हसारखे ग्रंथालय २०१२ पासून आपला संग्रह टॉरेंटने देत आहे आणि आपल्याकडे मात्र ते नाव दिसताच मुलाला कार्यालयाबाहेर दोन तास उभे करतात. नियमभंगासाठी दंड करा, महिनाभर नेट बंद ठेवा, माझी तक्रार नाही. मात्र ज्या बाईने टोमॅटोच्या खुडणीला जाऊन या पोराच्या लॅपटॉपचे हप्ते फेडले, तिच्या हातात 'चोरी' लिहिलेला कागद देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. माझ्या घरच्या नेटवर त्याने ती अर्धवट राहिलेली फाइल सुरू केली आणि आधीचे तुकडे तपासून ती ७१ टक्क्यांपासून पुढे सरकू लागली. बहीण शेजारी बसून ती पट्टी पाहत होती. "हे कोण पाठवतंय?" तिने विचारले. ज्यांच्याकडे ती फाइल आधीच आहे अशी ठिकठिकाणची माणसे, असे त्याने सांगितले. "पैसे न घेता?" त्याने मान हलवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने फडके सोडून त्याच्या पुढ्यात नागलीची भाकरी ठेवली.

माफीनामा अजून टेबलावर आहे. उद्या आम्ही तिघे कार्यालयात जाणार आहोत. 'परवानगीशिवाय वापर' असे लिहून द्या, बहीण तिथेच सही करील. 'चोरी' हा शब्द मात्र ज्यांनी लिहिला, त्यांनीच तो तिच्यासमोर खोडायचा आहे.