जबडे कापलेला व्हर्नियर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या मागच्या पडवीत एक जुना लेथ आहे, धातू फिरवत कापायचं यंत्र. निवृत्तीच्या पैशातून मी तो घेतला. हिच्या मते पडवीत म्हैस बांधल्यासारखं झालंय: जागा खाते, तेल पिते, दूध म्हणून नाही.

दूध का नाही, ते मला ठाऊक होतं. कापायचं टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू झिजलेला. हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा नुसता हवेत जातो. डायलवरचे आकडे सरकतात, टूल जागचं हलत नाही. हिच्या शिलाई मशीनसाठी केलेलं तिसरं बुश (दांड्याभोवती बसणारी छोटी नळी) ढिलं निघालं तेव्हा ठरवलं, या स्क्रूला विचारायचंच नाही. स्लाइडलाच डिजिटल व्हर्नियर (जबड्यांत वस्तू धरून तिचं माप आकड्यांत दाखवणारं उपकरण) बांधायचा आणि ती खरोखर किती सरकली ते थेट वाचायचं. तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत!

घरात एक व्हर्नियर होताच, मागच्या महिन्यात सियागंजातून आणलेला. त्याचे जबडे आड येत होते, ते कापायला घेतले. स्टील इतकं कडक की हॅकसॉचं पातं नुसतं घसरे. शेवटी ग्राइंडर लावला. आतलं सर्किट तापू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. ते पोळ्यांचं होतं हे रात्री जेवताना कळलं.

व्हर्नियरच्या एका इवल्या झाकणाखाली चार पट्ट्या असतात, तिथून आकडे बाहेर येतात. पण येतात दीड व्होल्टच्या दबक्या आवाजात, आणि माझा आर्डुइनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) पाच व्होल्टचा, कानाने जड. म्हणून मध्ये दोन ट्रान्झिस्टर बसवले, लग्नाच्या बोलणीतल्या मध्यस्थासारखे: इकडचं तिकडे मोठ्याने सांगणारे, आणि नेमकं उलटं. (ही थट्टा नाही. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. प्रोग्रॅममध्ये तो पुन्हा सुलटा करून घ्यावा लागतो.)

सगळं लेथला कसलं आणि डिस्प्ले विझला. नवा बटण सेल घातला, पुन्हा अंधार. असे चार सेल गेले. मग मीटर लावून पाहिलं, तर या स्वस्त व्हर्नियरच्या अख्ख्या पट्टीला सेलचं प्लस जोडलेलं! आणि बोर्डाचं मायनस मी मोठ्या शहाणपणाने लेथच्या अंगाला दिलेलं, म्हणजे सेलची दोन्ही टोकं लेथमधून एकमेकांना भिडलेली. श्रीखंडाच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण कापून पट्टी आणि लेथच्या मध्ये घातलं, नायलॉनचे स्क्रू लावले, तेव्हा कुठे आकडे उगवले. मोटर सुरू झाली की तेही बिचकत. जाळीवाली वायर घातल्यावर शांत झाले.

"अहो, आता तरी होईल का बुश?" हिने विचारलं.

पितळी सळई लावली, पहिला काप घेतला. आता व्यास एकदा मोजून तो आकडा डिस्प्लेला सांगायचा, की पुढचं सगळं तो सांगणार. मोजायला मी सवयीने खणात हात घातला. खण रिकामा. घरातला एकुलता एक व्हर्नियर समोर लेथला बांधलेला, बिनजबड्यांचा.

सियागंजातल्या दुकानदाराने मला ओळखलं. "क्यों भिया, पिछले महीने तो ले गए थे?"

"हाँ," म्हटलं, "उसको काट दिया."

त्याने काही न बोलता नवा व्हर्नियर पिशवीत घातला, आणि वर हॅकसॉच्या पात्यांचं एक पाकीटही.