मानधन दिलं म्हणजे कॉपीराइट घेतला?

‘लेखक-कलाकारांनी हे वाचाच’ असा मथळा असलेला एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. त्याचं म्हणणं असं: नोंदणी नसेल तर कॉपीराइट नाही, पैसे देईल तो मालक, नेटवर टाकलेलं सगळ्यांचं आणि मूळ लेखकाचं नाव दिलं की काहीही वापरा. माझी मावशी मुलांसाठी कथा लिहिते. हे वाचून तिने संपादकांकडे कराराचा विषय काढायचंच सोडलं. ‘मानधन घेतलं ना, मग कथा त्यांची,’ म्हणाली. तेव्हा मात्र राहवेना.

नोंदणीचं आधी उरकतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ती ऐच्छिक आहे. कथा कागदावर उतरली की हक्क आला. दाखला कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतो, एवढंच.

खरा घात करतो तो दुसरा मुद्दा. याच कायद्याचं कलम १७ सांगतं की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. अपवाद आहेत, आणि मेसेजवाल्याने तेवढेच कुठूनतरी ऐकलेले दिसतात. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र किंवा चित्रपट असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काम सांगणाऱ्याचा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम सहसा मालकाचं. हे खरं आहे, नाही म्हणत नाही. पण मावशी कोणाची नोकर नाही, आणि कथा म्हणजे फोटो नव्हे. मानधन घेतल्यावर संपादकांना कथा छापता येते, पण त्यामुळे ते तिचे मालक होत नाहीत.

मालकी हलवायची तर कलम १९प्रमाणे लेखी कागद लागतो आणि त्यावर लेखकाची सही लागते. फोनवरचं ‘हो, चालेल’ पुरत नाही. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते, मोबदला किती, हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, कायमची नाही! हे वाक्य त्या मेसेजमध्ये असतं तर कितीतरी जणांचं भलं झालं असतं. शिवाय हक्क विकून टाकले तरी कथा आपली आहे असं सांगण्याचा, आणि कोणी ती मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावला तर दाद मागण्याचा अधिकार कलम ५७ने लेखकाकडेच ठेवला आहे.

नेटबद्दल काय बोलायचं! दिसतं म्हणून ते फुकट होत नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, मग कथा पुस्तकात असो की फेसबुकवर.

राहिलं नाव देणं. परीक्षणात, टीकेत उतारा घेतला आणि नाव दिलं, तर कायदा आड येत नाही. अख्खी कथा उचलून खाली ‘साभार’ लिहिणाऱ्याला मात्र परवानगी घ्यावीच लागते.