जुनी दुर्बीण ‘डोळे मिटून’ घेऊ नका

हतनूर धरणावर पाहुणे पक्षी उतरायला लागले की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. नव्या दुर्बिणीवर पैसे घालू नका, जुन्या बाजारातली खिशात मावणारी जपानी किंवा जर्मन दुर्बीण डोळे मिटून घ्या. पट जितके जास्त तितकं चांगलं. काच लाल चमकली की माल अस्सल. खानदेशची हवा कोरडी, म्हणून बुरशीची भीती नाही. असलीच तर कापडानं पुसून निघते. आणि जुन्या काचेला तोड नाही.

हे वाचून कॉलेजची पोरं साठवलेले पैसे घेऊन बाजारात जातात, म्हणून उत्तर देतो. जुन्या दुर्बिणींवर माझं प्रेमच आहे. आजही गळ्यात जुनीच असते. पण ती नावावरून नाही, हातात घेऊन पारखलेली आहे.

आधी ‘मेड इन जपान’. जुन्या जपानी दुर्बिणींवर सोनेरी, लंबगोल ‘पास्ड’चं स्टिकर सापडतं. निर्यातीपूर्वी तपासणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर ती किती वेळा पडली, कुठल्या कपाटात सडली, हे स्टिकर सांगत नाही.

पटांचं गणित सोपं आहे. दुर्बिणीवर ८×२० लिहिलेलं असेल तर चित्र ८ पट मोठं दिसतं आणि पुढची काच २० मिलिमीटर रुंद. २० ला ८ नं भागा : डोळ्यात शिरणारा उजेडाचा झोत अडीच मिलिमीटरचा. भर उन्हात बाहुलीही साधारण तेवढीच असते, म्हणून दिवसा काम भागतं. संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि चित्र अंधारतं. ८×३० मध्ये हाच झोत पावणेचार मिलिमीटरचा. खिशातल्या दुर्बिणीवर ‘२०×२२’ दिसलं तर झोत जेमतेम १.१ मिलिमीटर, आणि हाताची थरथरसुद्धा वीस पट. ती घेऊ नका.

लाल काचेबद्दल एवढंच : जी काच लाल रंग परत फेकते, ती तो डोळ्यापर्यंत पोचू देत नाही. चित्र निळं-हिरवं होतं. सातपुड्यातला फुललेला पळस अशा काचेतून बघा, रंग मेलेला दिसेल.

आता बुरशी. आपल्याकडचा मे महिना कोरडा, हे खरं. पण जुनी दुर्बीण खानदेशातच जन्म काढून आलेली नसते. मुंबई-कोकणातल्या कपाटातूनही येते. आणि आपला पावसाळा? चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या काचेला तेवढा ओलावा पुरतो. बुरशी नुसती वर बसत नाही, तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा पातळ लेप, म्हणजे कोटिंग, खातं. पुसल्यावर जाळं जातं, खड्डे राहतात. शिवाय आतली काच पुसायची तर दुर्बीण खोलावी लागते आणि प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी आतली काच, जागचं हललं की नवं दुखणं सुरू.

उन्हाळ्याचा त्रास तर मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीत त्याहून वर. त्या उष्णतेनं आतलं ग्रीस पातळ होऊन त्याचा धुरकट थर काचांवर बसतो. दोन भिंगं चिकटवायला पूर्वी वापरत तो बाल्समही मऊ पडतो. कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर भिंगं सुटू लागली असं समजा. पुढच्या काचेतून टॉर्च मारून तिरकं बघा, दोन्ही दुखणी दिसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच : दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी बघतात का? धुळ्याच्या बाजारात ‘भाऊ, हाई जपाननी शे, डोया मिटीसन लई ल्या’ असं ऐकून मी एक छोटी दुर्बीण घेतली होती. दुकानात चित्र छान. नकाणे तलावावर अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं. ती कधीतरी आपटून आतलं प्रिझम सरकलं होतं, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीहून जास्त निघाला. दोन चित्रांतला थोडा फरक डोळे ओढूनताणून जुळवून घेतात, म्हणून दुकानात तो कळत नाही. तेव्हा लांबची विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वरखाली झाली तर परत द्या, मग नाव कुठलंही असो.

राहिली ‘जुन्या काचेला तोड नाही’ ही गोष्ट. परावर्तन रोखणारं कोटिंग झाइस या जर्मन कंपनीच्या कारखान्यात १९३५ साली निघालं. त्याआधीच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना तिसरा हिस्सा वाटेतच जातो. सरळ नळीच्या, रूफ प्रिझमच्या छोट्या दुर्बिणींना धारदार चित्रासाठी वेगळं फेज कोटिंग लागतं, ते १९८८ साली आलं. त्याआधीच्या अशा दुर्बिणीत चित्र थोडं विरलेलं दिसतं. वाकड्या नळीच्या पोरो प्रिझमला ते लागत नाही, म्हणून जुन्यांत मी पोरोच शोधतो.

चांगल्या आणि धुरकट काचेतला फरक खानदेशात रानपिंगळा हे छोटं घुबड दाखवतं. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसाही वावरतो, त्यामुळे छोटी दुर्बीण चालते. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. धुरकट काचेतून दोघांचीही डोकी कोरीच दिसतात.