अँटीव्हायरस बंद करण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप असा की, डाउनलोडच्या त्रुटींवरचा माझा लेख विनाकारण लांबला आहे; अँटीव्हायरस बंद करून डाउनलोड करणारे ॲप काढून पुन्हा टाकले की ९९ टक्क्यांवर अडकलेली फाइल उतरते, आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, ती जशीच्या तशी आली का हे ताडून पाहण्याची खूण) वगैरे सामान्य वापरकर्त्याच्या कामाचे नाही.

९९ टक्क्यांबाबतचा आपला अनुभव खरा असणार. अनेक ॲप्स फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवतात आणि सगळा डेटा आल्यावर तिला खरे नाव देतात. नेमकी त्याच वेळी अँटीव्हायरसने ती तपासणीसाठी उघडून धरलेली असेल, तर विंडोजवर नाव बदलणे फसू शकते आणि फाइल दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात असल्याचा संदेश येतो. मात्र अशा वेळीही आधी अँटीव्हायरसमधील क्वारंटाइनची, म्हणजे त्याने संशयावरून बाजूला ठेवलेल्या फाइलींची, यादी पाहावी, आणि स्रोत खात्रीचा असेल तर तेवढे एक फोल्डर तपासणीतून वगळावे. अनोळखी फाइल घरात येत असतानाच पहारा उठवणे मला पटत नाही.

ॲप पुन्हा टाकण्याचा उपाय सरसकट सांगितला की घोटाळा होतो. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. तेथे ॲप दहा वेळा टाकले तरी डाउनलोड त्याच ठिकाणी थांबेल; ‘त्याच ठिकाणी’ ही खूण मात्र पहिल्याच वेळी हाती आलेली असते.

पुन्हा टाकण्याने सारे स्वच्छ होते, हेही गृहीत धरू नये. अर्धवट फाइल पुष्कळदा वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील फोल्डरात राहते आणि नवे ॲप तिथूनच पुढे सुरू करते. दरम्यान सर्व्हरवरची फाइल बदललेली असली आणि ॲपने ते पडताळले नाही, तर जुन्या आवृत्तीचा पूर्वार्ध आणि नव्या आवृत्तीचा उत्तरार्ध एकमेकांना जोडले जातात. दोन्ही आवृत्त्यांचा आकार सारखा असेल तर टक्केवारी १०० दिसते, त्रुटी येत नाही, आणि फाइल उघडत मात्र नाही. प्रकाशकाने दिलेला एसएचए-२५६ पद्धतीचा चेकसम आपल्या फाइलच्या चेकसमशी जुळत नाही, एवढे पाहिले की हा प्रकार उघडकीस येतो; त्यासाठी एक आज्ञा पुरते. अशा वेळी अर्धवट तुकडा हाताने पुसून डाउनलोड पहिल्यापासून सुरू करावे.

पुन्हा अडचण आली, तर ॲप काढण्यापूर्वी त्याच्या लॉगमधील (ॲप आपल्या कामाची नोंद ठेवते त्या फाइलमधील) शेवटच्या ओळी जपून ठेवा आणि तेथे दिसणारा त्रुटीचा संकेतांक मला कळवा. ४०३ असेल, तर सर्व्हरने परवानगी नाकारली आहे. पुष्कळदा दुव्याची मुदत संपलेली असते आणि नवा दुवा घेणे पुरते. ५०३ असेल, तर सर्व्हर तात्पुरता सेवा देऊ शकत नाही आणि थोडे थांबण्याने काम होते; ॲप काढून पुन्हा टाकण्यातही तेवढाच वेळ जातो, म्हणून श्रेय त्याला मिळते.