रिलिव्हरचा रकाना

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस बाबांनी फोटो काढून पाठवली. नेहमीसारखी तिरकी, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. विषय क्रमांक सहा : 'सुरक्षा, साफसफाई, पंप, बाग व किरकोळ दुरुस्तीची सर्व कामे एकाच फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीकडे सोपविण्याबाबत विचार करून निर्णय घेणे.' मागोमाग तीन कोटेशनं आली आणि त्यांच्या मागोमाग बाबांचा प्रश्न, 'तिकडे कसं असतं रे?'

या प्रश्नाची मला धास्तीच आहे. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, सभेत फेकायला दाखला हवा असतो. 'माझा मुलगा लंडनला असतो, तिथे...' अशी सुरुवात केली की पुढे कुठलाही ठराव जोडता येतो. मी लंडनला नाही, लंडनबाहेर स्लाव नावाच्या गावात राहतो, हेही सांगून झालंय. पण स्लाव म्हटलं की सभेत वजन पडत नाही.

आधी सोसायटीचं सांगतो. पुनर्विकासात आमच्या चार मजली दोन विंग गेल्या आणि बावीस मजल्यांचा टॉवर आला. माणसं मात्र जुनीच राहिली : गेटवर मामा, रात्रपाळीला अजून एक जण, आणि जिने झाडणाऱ्या मावशी. तिघांच्या अंगावर आता चार लिफ्ट, सांडपाण्याचा प्लांट, आगीच्या अलार्मचं पॅनेल आणि पोडियमवरची बाग येऊन पडली आहे. कमिटीत सगळे निवृत्त. सेक्रेटरीकाका बासष्टाव्या वर्षी पंपाच्या पॅनेलपुढे मोबाईलचा टॉर्च धरून उभे राहतात. हे काम जाणत्या कंपनीकडे द्यावं असं कुणाला वाटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रोफेशनल लोक हवेत, यांना साधी व्हिजिटरची नोंद जमत नाही. दुसरा म्हणतो, मामा घरचे आहेत, घरच्या माणसाला असं काढतात का? मी मनाने दुसऱ्या तटात होतो. मग बाबांना विचारलं की घरच्या माणसाला आपण काय देतो? पगार, दिवाळीला एक पगार बोनस, मिठाईचा बॉक्स. मामांच्या एकोणीस वर्षांत पीएफचा एक रुपया नाही, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नाही. आणि यात बेकायदा काहीच नाही. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागतो, ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, दहापासून. आपल्याकडे तीनच माणसं, म्हणजे आपण उंबरठ्याच्या बाहेर. तोच माणूस पाचशे माणसांच्या एजन्सीच्या मस्टरवर गेला तर त्याचा पीएफ नंबर निघतो, आजारी पडला तर ईएसआयच्या दवाखान्यात जाता येतं. 'घरचा माणूस' या शब्दावर आपण एकोणीस वर्षं पैसे वाचवले, हे सभेत कुणी बोलणार नाही, म्हणून इथे बोलतो.

आता तिकडचं, म्हणजे माझं इकडचं.

मी एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने लंडनमध्ये कॅनरी व्हार्फला कामाला जातो. आमच्या मजल्याची सफाई करणारी बाई घानाची आहे. लवकर पोचलो तर तिची गाठ पडते, कारण सात वाजले की ती जाते. ऑफिस भरायच्या आत सफाईवाले दिसेनासे व्हावेत असा इथला शिरस्ता आहे. अकरा वर्षं ती याच इमारतीत आहे. या अकरा वर्षांत तिच्या जॅकेटच्या पाठीवरचं नाव तीनदा बदललं. आधी हिरवं जॅकेट, मग निळं, आता राखाडी. बादली ठेवायची खोली तीच आणि रजाही चालत आलेली.

याचं कारण इथला एक नियम. ठेका एका कंपनीकडून दुसरीकडे गेला की त्या ठेक्यावरची माणसं आहेत त्या अटींवर, मागची वर्षं धरून, नव्या कंपनीकडे जातात. नियम मूळ 1981 चे. 2006 मध्ये ठेकेबदलाचं कलम त्यात स्वच्छ शब्दांत आलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून इथे सगळे त्याला 'टूपी' म्हणतात. मला दर वेळी 'टोपी' ऐकू येतं, आणि ते अगदीच चूक नाही. मागच्या ठेकेबदलात बाई तशीच राहिली, तासाचा दर तसाच राहिला, फक्त रोजचे पाच तास होते ते चार झाले. मजले तेवढेच. नवी कंपनी स्वस्त कशी पडली, हे कळायला हिशेबनीस लागत नाही. तो दर त्याआधी वाढला होता तो 2001 पासून पूर्व लंडनमध्ये लोकांनी जगण्यापुरत्या पगारासाठी चळवळ केली म्हणून. बँकांच्या चकचकीत लॉबीत सफाईवाल्यांचा प्रश्न त्या चळवळीने नेला.

माझ्या स्वतःच्या इमारतीचं म्हणाल तर आठ वर्षांत आमचा जिना व्हॅक्यूम करणारा माणूस मी पाहिलेला नाही. मंगळवारी येतो म्हणतात. मॅनेजिंग एजंट दरवर्षी सर्व्हिस चार्जचं, म्हणजे इमारतीच्या देखभालीचं, बिल पाठवतो, मी भुवया उंचावतो आणि भरतो. एका फ्लॅटमागे 250 पौंडांवर जाणारं काम काढायचं असेल तर आधी आम्हाला विचारावं लागतं, असं 1985 चा कायदा सांगतो. तशी पत्रं येतात, आम्ही हरकती पाठवतो, काम व्हायचं ते होतंच. मुलुंडच्या सभेत निदान सेक्रेटरीच्या तोंडावर ओरडता येतं. त्या सुखाची किंमत परदेशी आल्यावर कळते.

आणि मोठी कंपनी म्हणजे भक्कम कंपनी, हा समज 2018 च्या जानेवारीत इथे फुटला. कॅरिलियन नावाची कंपनी शाळा, इस्पितळं, तुरुंग सांभाळायची. जेवण, सफाई, दुरुस्ती, सगळं. एका सोमवारी सकाळी ती बुडाली. ऑक्सफर्डशायरमध्ये शाळेतल्या पोरांची जेवणं पोचवायला अग्निशमन दलाला तयारीत ठेवलं होतं. बाबांना हे सांगितल्यावर ते पाच मिनिटं हसले. मग म्हणाले, 'सभेत हे सांगू की नको?'

आता ती तीन कोटेशनं. हा धंदा समजून घ्यायचा असेल तर एवढे तीन कागद पुरतात. प्रत्येक माणसामागे रकाने : किमान वेतन, विशेष भत्ता, घरभाडे, पीएफ, ईएसआय 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के, रजा, गणवेश, रिलिव्हर, आणि शेवटी एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, म्हणजे तिचा स्वतःचा वाटा. त्यावर 18 टक्के जीएसटी. वरचे बहुतेक रकाने कायद्याने बांधलेले. म्हणजे प्रामाणिक एजन्सीला दुसऱ्यापेक्षा स्वस्त व्हायचं तर हात घालायला जागा एकच, स्वतःचा सर्व्हिस चार्ज. पहिल्या कोटेशनमध्ये तो दहा टक्के आहे, दुसऱ्यात सात. तिसऱ्यात अर्धा. अर्ध्या टक्क्यात सुपरवायझरचं पेट्रोल निघत नाही. मग निघतं कशातून? आठ तासांचा पगार लावून बारा तासांची ड्युटी घेण्यातून, गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापण्यातून, आणि पीएफच्या चलानवर वेगळ्याच साइटची नावं दाखवण्यातून. एजन्सीवाले सगळेच चोर असतात असं नाही. पण आपण तीन लिफाफे उघडून सगळ्यात खालचा आकडा उचलतो, तेव्हा प्रामाणिक माणसाला आपणच दारातून परत पाठवतो.

याच ग्रुपवर सप्टेंबर 2023 मध्ये काय रणकंदन झालं होतं ते मला आठवतं. राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला तेव्हा 'आमच्या पोरांना ठेकेदाराच्या दावणीला बांधताय' असे संदेश रात्री दोनपर्यंत येत होते. ऑक्टोबरमध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतला, ग्रुपवर पेढे वाटल्याची चित्रं आली. तेच हात आता तिसऱ्या कोटेशनखाली अंगठा वर करतायत. पालिकेचा कचरा उचलणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी 2017 पर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं, ते याच मुंबईत.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. इथल्या 'टूपी'चं मी कौतुक करायला घेतलं आणि साल बघून थबकलो. 1981 साली महाराष्ट्रातही एक कायदा झाला, खासगी सुरक्षा रक्षकांचा. त्याचं मूळ 1969 च्या माथाडी कायद्यात. कल्पना साधी : हमाल आज या गोदामात, उद्या त्या, मग त्याचा मालक कोण? तर त्याची नोंदणी कायद्याने नेमलेल्या एका मंडळाकडे. मालाचा धनी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरेल. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा यांचा हिशेब मंडळ ठेवेल. तीच रीत सुरक्षा रक्षकांना लावली आणि बृहन्मुंबई-ठाण्यासाठी मंडळ झालं. दार बदललं तरी रक्षकाची वर्षं मोडत नाहीत. म्हणजे ठेका बदलावा पण माणसाची नोकरी तुटू नये, हे मुंबईला शिकायला विमानात बसायची गरज नव्हती. आपण केलं काय, तर त्या कायद्यात सूट घेतलेल्या एजन्सी शोधल्या, आणि मंडळाचा गार्ड 'महाग पडतो, युनियनबाजी करतो' म्हणून बाजूला ठेवला. झाडूवाल्या मावशींसाठी तर तसं मंडळही नाही. नव्या कामगार संहितेत साफसफाई, पहारा, हाउसकीपिंग, बागकाम ही नावं घेऊन 'मुख्य काम नव्हे' असं लिहिलंय. आठवडाभर मावशी आल्या नाहीत तर बावीस मजल्यांना मुख्य काम कुठलं ते कळेल.

ठेका दर दोन वर्षांनी फिरतो. ग्रॅच्युइटीला एका मालकाकडे पाच वर्षं लागतात. हा हिशेब मामांना कुणी समजावून सांगितलेला नाही, पण त्यांना तो बहुधा कळतो.

मला त्या सभेत बोलता येत नाही. प्रॉक्सी चालत नाही, बाबाच जाणार. म्हणून त्यांना कागदावर तीन ओळी लिहून दिल्यात : सर्व्हिस चार्ज पाच टक्क्यांखाली असेल तर कोटेशन बाद, दर महिन्याच्या बिलासोबत आपल्याच साइटच्या माणसांचं पीएफ चलान, आणि पुढे एजन्सी बदलली तरी मामा, मावशी आणि रात्रपाळीवाले नव्या एजन्सीने घ्यायचे, असं करारातच. तिसऱ्या ओळीला पाठिंबा मिळेल असं बाबांना वाटत नाही. 'उद्या माणूस झोपा काढायला लागला तर?' हा प्रश्न येणारच, आणि तो खोटाही नाही. जुन्या इमारतीत मामा रात्री दोन ते चार खुर्चीत डुलकी काढायचे हे अख्ख्या विंगला ठाऊक होतं. पण पहाटे पालिकेचं पाणी यायच्या वेळेला कुठला कॉक किती फिरवायचा हेही त्यांनाच ठाऊक होतं, आणि टाकी एकदाही ओसंडली नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, 'सगळं लिहिलंस, त्यांना विचारलंस का?' फोन मामांच्या हातात दिला. मी पीएफ समजावला, ईएसआय समजावलं. ते 'हां, हां' करत राहिले. मग म्हणाले, 'ते ठीक आहे हो. गणपतीला संगमेश्वरला जायला मिळणार ना? दहा दिवस. इतकी वर्षं एकदाही चुकवलं नाही.'

तिसरं कोटेशन पुन्हा उघडलं. गणवेशाच्या खाली रिलिव्हरचा रकाना आहे. बदली माणसाचे पैसे त्यात लिहितात, साप्ताहिक सुट्टीसाठी पगाराचा एक षष्ठांश. त्या रकान्यात आडवी रेघ मारलेली आहे.