‘कोणत्याही प्राण्याला त्रास होत नाही’ म्हणे!

मागच्या महिन्यात ताईचा कुत्रा बंड्या गेला. १३ वर्षं होता तिच्याजवळ. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला तिचा फोन आला, "अगं, पाच दिवसांच्या आत कातडीचा तुकडा काढून ठेवावा लागतो म्हणे. उशीर तर नाही ना झाला?" रडून रडून आवाज बसलेला. कुणीतरी तिला तो क्लोनिंगचा, म्हणजे कुत्र्याच्या पेशीपासून त्याच जनुकांचा दुसरा कुत्रा तयार करण्याचा, मेसेज पाठवला होता.

तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की क्लोनिंगने तुमचा कुत्रा स्वभावासकट जसाच्या तसा परत मिळतो, क्लोन ठणठणीत असतो, आणि यात कोणत्याही प्राण्याला त्रास होत नाही, फक्त कातडीचा इवलासा तुकडा लागतो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून माझं डोकंच फिरलं. तुकडा तुमच्या कुत्र्याचा, पण भ्रूण तयार करायला लागणारं बीजांड कुणाचं? दुसऱ्या कुत्रीचं. कुत्रीचं बीजांड बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, पुढचे दोन-तीन दिवस बीजांडवाहिनीत पिकतं. प्रयोगशाळेत ते नीट पिकवता येत नाही. म्हणून मादी माजावर येईपर्यंत थांबायचं, मग भूल देऊन तिचं पोट उघडायचं आणि बीजांडं धुऊन बाहेर काढायची. त्यातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला भाग, काढून तुमच्या कुत्र्याच्या पेशीचं केंद्रक घालायचं. तयार झालेला भ्रूण तिसऱ्याच मादीत सोडायचा, तोही शस्त्रक्रिया करूनच.

जगातला पहिला क्लोन कुत्रा, स्नपी, २००५ साली दक्षिण कोरियात सोल राष्ट्रीय विद्यापीठात जन्मला. ‘नेचर’मध्ये छापलेल्या त्या शोधनिबंधातले आकडे बघा: १,०९५ भ्रूण १२३ माद्यांमध्ये सोडले. गर्भ राहिला तिघींना. एकीचा पडला. दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक २२व्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. एका स्नपीसाठी १२३ जणींना भूल आणि टाके, आणि बीजांडं देणाऱ्या माद्या यात धरलेल्याच नाहीत. हा ‘त्रास नाही’?

"ते तेव्हाचं, आता तंत्र सुधारलंय," असं कुणीतरी म्हणणारच. सुधारलंय, मान्य. स्नपीच्याच पेशींपासून पुन्हा क्लोन केले, त्याचा निबंध २०१७ला आला. त्यात ९४ भ्रूण, ७ माद्या, ४ पिल्लं. त्यातलंही एक काही दिवसांतच गेलं. १२३च्या जागी ७ झाल्या, पण सुरी त्यांच्या पोटावर चाललीच. आणि यातल्या एकीलाही तुमचा कुत्रा कोण, हे माहीत नसतं.

आता ‘जसाच्या तसा’. क्लोन म्हणजे फार तर उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात सीसी नावाची पहिली क्लोन मांजर जन्मली. जिच्यापासून केली ती तिरंगी होती, सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. जनुकं तीच, पण कोणतं कुठे चालू आणि कुठे बंद, हे नव्याने ठरतं. शिवाय मायटोकॉन्ड्रियाची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांची) जनुकं बीजांड देणाऱ्या मादीची. रंगाची ही गत, तिथे स्वभावाचं काय सांगता? बंड्या ताईकडे आला तेव्हा त्याचा डावा कान फाटलेला होता. कुणी हातात काठी घेतली, तर घरभर फिरणारा हा कुत्रा पलंगाखाली शिरून तिथेच लघवी करायचा. ताईने सहा महिने जमिनीवर बसून, हातावर खाऊ घालून ती भीती काढली. तेव्हापासून तो तिच्या पायावर हनुवटी टेकवूनच झोपायचा. यातलं काहीही कातडीच्या तुकड्यात नाही. क्लोनचे दोन्ही कान धड असतील.

‘ठणठणीत असतो’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं नाइलाजाने का होईना कबूल करते. डॉली ही प्रसिद्ध क्लोन मेंढी सहा वर्षांची असताना गेली, म्हणून क्लोन लवकर मरतातच असं नाही. ज्या पेशींपासून ती केली, त्याच पेशींपासून केलेल्या चार मेंढ्या पुढे निरोगी म्हाताऱ्या झाल्याचं २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. पण ही जी जगली-वाचली त्यांची कथा. पोटातच गेलेल्यांचं काय?

त्या रात्री ताईला हे सगळं फोनवरच वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि त्या माद्यांचं नंतर काय करतात गं?" मेसेजमध्ये त्यावर अवाक्षर नाही. ज्यांनी तो तिला पाठवला, त्यांनी सांगावं.