स्वस्त प्रिंटर, महाग शाई: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मुद्द्याला धरून आहे, म्हणून नुसते आभार मानून मोकळं होणं मला पटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी प्रिंटर पडत्या किमतीत देते आणि शाईतून वसूल करते, हा उघड व्यवहार आहे. क्वचित छापणाऱ्याचा त्यात फायदाच होतो. शाई अवाजवी महाग असती तर एखाद्या प्रतिस्पर्ध्याने केव्हाच स्वस्त शाई आणली असती. आणि कार्ट्रिजवरची, म्हणजे शाईच्या डबीवरची, ती डबी कंपनीचीच आहे का हे ओळखणारी चिप यंत्राच्या भल्यासाठी असते. शेवटी विचारलंत, मग घ्यायचा तरी कोणता?

शाईतून वसुली होते, याबद्दल आपला वाद नाही. जानेवारी २०२४ मध्ये एचपीचे प्रमुख या नात्याने एन्रिके लोरेस यांनी तो हिशेब एका मुलाखतीत स्वच्छ मांडला होता: विकला गेलेला प्रत्येक प्रिंटर ही कंपनीची गुंतवणूक, आणि ग्राहकाने पुरेसं छापलं नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही, तर ती गुंतवणूक वाया गेली.

क्वचित छापणाऱ्याचा फायदा होतो, हे मात्र मला अजिबात पटत नाही. उलट सगळ्यात जास्त तोच भरडला जातो. इंकजेटची, म्हणजे पातळ शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरची, नोझल (शाई बाहेर पडायचं छिद्र) केसाहून बारीक असते. प्रिंटर काही आठवडे पडून राहिला की तिच्या तोंडाशी शाई सुकते, म्हणून यंत्र मधूनमधून स्वतःच सफाई करतं. त्यासाठी नोझलमधून शाई ओढली जाते आणि ती यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये जाऊन बसते. तुम्ही पैसे मोजलेली ती शाई कागदाला लागतच नाही. कार्ट्रिजच्या खोक्यावर जो पानांचा आकडा असतो, तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २४७११ क्रमांकाच्या मानकानुसार काढलेला असतो. त्या चाचणीत ठरावीक नमुना पानं एकामागून एक सलग छापतात. महिन्यातून चार पानं काढणाऱ्याला तो आकडा कधीच गाठता येत नाही. त्यात तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील, तर एक संपला की उरलेले दोन्ही कचऱ्यात.

आता स्पर्धेचा मुद्दा. तो वरवर बिनतोड वाटतो, पण नेमका तिथेच हा धंदा टिकून आहे. झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली यावर एक निबंध लिहिला, त्यात प्रिंटरचंच उदाहरण आहे. समजा, एक कंपनी पुढे आली आणि म्हणाली, ‘इतरांची शाई महाग आहे, आमचा प्रिंटर थोडा महाग पण शाई स्वस्त.’ ते ऐकून ग्राहक शहाणा होतो. पण शहाणा झालेला ग्राहक त्या कंपनीकडे जाईलच असं नाही. तो इतरांचाच स्वस्त प्रिंटर घेतो आणि जपून छापतो किंवा शाईची दुसरी सोय बघतो. लोकांना जागं करण्याचा खर्च एकाचा, फायदा भलत्याचाच. म्हणून सगळेच गप्प राहतात, आणि ज्याला हिशेब ठाऊक नाही त्याच्या पैशातून ठाऊक असणाऱ्याला सवलत मिळत राहते. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

कोंडी फुटली ती निराळ्या वाटेने. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्या जोडून सर्रास वापरत होते. २०१० मध्ये एप्सनने तिथेच कारखान्यातून टाकीसकट येणारा प्रिंटर विकायला काढला. यंत्र महाग, बाटलीतली शाई स्वस्त. पुढे इतर कंपन्यांनीही टाकीवाले प्रिंटर आणले. म्हणजे स्पर्धा आली, पण ग्राहकांनी यंत्राला हात घातल्यावर.

चिपबद्दल एक प्रसंग सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपची टंचाई होती. कॅननला ऑफिसातल्या काही यंत्रांची टोनर (लेझर छपाईची शाईची पूड) कार्ट्रिज चिपशिवाय विकावी लागली, आणि पडद्यावर येणारी सूचना कशी बाजूला सारायची हे कंपनीनेच ग्राहकांना समजावलं. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, फक्त टोनर किती उरला हे कदाचित कळणार नाही, असंही सांगितलं. निकृष्ट शाईने हेड, म्हणजे नोझल असलेला भाग, खराब होऊ शकतं, हे खरं. पण मग तशी सूचना द्यावी आणि निर्णय मालकावर सोडावा. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी, आदल्या दिवसापर्यंत चालणारी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज अचानक नाकारली. शाई तीच होती, बदललं होतं ते आतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम. अशा अडवणुकीची ग्राहकांना नीट कल्पना दिली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये एचपीला १ कोटी युरोचा दंड केला.

हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत ए. बी. डिक कंपनीच्या मिमिओग्राफवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर, पेटंटच्या जोरावर ‘शाई आमचीच वापरावी’ अशी अट लिहिलेली असे. बाहेरची शाई विकणाऱ्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात १९१२ साली जिंकली, आणि १९१७ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला. २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या कार्ट्रिजबद्दलही तेच ठरलं: वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पेटंटची वाट अशी बंद झाली, फर्मवेअरची उघडी आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. क्वचित आणि फक्त काळं छापायचं असेल तर साधा लेझर घ्या. टोनर ही कोरडी पूड, ती सुकायचा प्रश्नच नाही. रंगीत आणि नेमाने छापत असाल तर टाकीवाला, पण तोही महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. कार्ट्रिजवालाच घरात असेल तर सेटिंगमध्ये फर्मवेअर आपोआप अपडेट होण्याचा पर्याय शोधा आणि तो बंद करता येत असेल तर करा. आणि नवा घेताना प्रिंटरच्या किमतीआधी त्याच्या कार्ट्रिजची किंमत विचारा, तिला खोक्यावरच्या पानांनी भागा, आणि तुम्ही कमी छापत असाल तर खरा खर्च त्याहून बराच जास्त धरा.